भिंतीपलीकडचे प्रेम : विसरलेले जुने प्रणयविनोदी चित्रपट शोधावेत कसे आणि पाहावेत कसे

कोजागरीच्या रात्री नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत गाणी म्हणण्याची प्रथा आहे, आणि ‘प्रथम तुज पाहता’ हे गाणे दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतेच. दोन वर्षांपूर्वी मी सहज विचारले की हे कोणत्या चित्रपटातले. नाव तिघाचौघांना सांगता आले. चित्रपट पाहिल्याचे मात्र जमलेल्यांपैकी एकट्या माझ्या आत्याने सांगितले. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’, साल १९७०. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल आणि रामदास कामत यांचा स्वर यांतले काहीही आपण विसरलेलो नाही. विसरलो ती गोष्ट, जिच्यासाठी हे गाणे रचले गेले : नवे लग्न झालेल्या जोडप्याला माणसांनी भरलेल्या मुंबईतल्या छोट्याशा बिऱ्हाडात दोन घटकांचा एकांत मिळत नाही, एवढीच.

मराठीत गाणे चित्रपटापेक्षा जास्त जगते. आकाशवाणीने गाणी घरोघरी पोहोचवली, चित्रपट थिएटरातून उतरला की उतरला. पुढे दूरदर्शनने शनिवारच्या संध्याकाळी काही जुने चित्रपट दाखवले आणि तीही खिडकी हळूहळू मिटली. शिवाय चित्रपटांविषयी जे गंभीर लेखन झाले ते बहुतेक सामाजिक आणि संतपटांवर झाले. हलक्याफुलक्या प्रेमकथेला ‘करमणूक’ म्हणून बाजूला ठेवण्याची आपली सवय जुनी आहे. त्यामुळे या चित्रपटांच्या वाटेला आज जायचे तर थोडी तयारी करावी लागते. ती कशी करावी, हे मी स्वतः चुका करत जे शिकलो त्यावरून येथे क्रमाने लिहितो.

गाण्यापासून सुरुवात करावी

यादी करायला बसू नये. ‘अवश्य पाहावेत असे पन्नास चित्रपट’ अशा याद्यांमध्ये तेच ते दहा चित्रपट फिरत असतात, आणि ते विसरलेले नसतात. त्याऐवजी घरात ज्यांची गाणी ऐकली जातात असे तीन-चार चित्रपट निवडावेत. गाणे ओळखीचे असले की चित्रपटात शिरायला एक दार आधीच उघडे असते. अनोळखी नट, संथ सुरुवात आणि कृष्णधवल पडदा यांना तोंड देताना, ‘आता ते गाणे येईल’ ही उत्सुकता प्रेक्षकाला धरून ठेवते. आमच्या घरी ‘मुंबईचा जावई’नंतर याच मार्गाने राजदत्त यांचा ‘मधुचंद्र’ (१९६७, काशिनाथ घाणेकर आणि उमा) आणि राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) हे चित्रपट आले.

चित्रपटाचे नाव कळले की दिग्दर्शक, लेखक आणि साल या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात, कारण पुढचा चित्रपट त्यांतूनच सापडतो. लेखकाचा माग काढणे विशेष फलदायी ठरते. आचार्य अत्रे यांनी मास्टर विनायक यांच्यासाठी ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आणि ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) लिहिले. त्याच विनायकांनी १९४० मध्ये चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरून ‘लग्न पहावे करून’ केला. म्हणजे दोन वर्षांच्या आत मराठीतले दोन थोर विनोदी लेखक एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली पडद्यावर आले होते. अत्र्यांचे अनेक खंडांचे आत्मचरित्र जुन्या वाचनालयांतून मिळते, आणि नाशिकात तर १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे. चित्रपटाआधी अशा पुस्तकातली चार पाने वाचली तर पडद्यावरची माणसे परकी वाटत नाहीत.

निवड अडचणीवरून करावी

माझ्या मते हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. जुना प्रणयविनोदी चित्रपट नायक-नायिकेवरून निवडू नये. त्या दोघांच्या मध्ये काय उभे आहे यावरून निवडावा. आजच्या प्रेमकथेत अडचण बहुधा मनात असते : गैरसमज, भीती, ठरत नसलेले मन. जुन्या चित्रपटात ती हाताला लागते. कधी ती भिंत असते, कधी पैसा, कधी पत्र, कधी घेतलेले व्रत. ‘ब्रह्मचारी’त व्रत आहे, त्या व्रतासमोर मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरतात, आणि १९३८ च्या महाराष्ट्रात त्यावरून केवढा गदारोळ उठला असेल याची कल्पना करता येते. ‘लाखाची गोष्ट’मध्ये पैसा आहे, पण उलटा : एक लाख रुपये मिळवायचे नसून उधळून दाखवायचे आहेत. आणि ‘मुंबईचा जावई’त जागा आहे.

जागेची ही अडचण नीट कळली नाही तर चित्रपटातला निम्मा विनोद हातून निसटतो. तरुण प्रेक्षक हमखास विचारतो की हे लोक दुसरी खोली भाड्याने का घेत नाहीत. याचे उत्तर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यात आहे. या कायद्याने जुनी भाडी जवळपास गोठवली. मग घरमालकाला खोली भाड्याने देण्यात रस उरला नाही, आणि जी खोली मिळे तिच्यासाठी हजारोंची पागडी हातावर ठेवावी लागे. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या कारकुनाला ती परवडणारी नव्हती. म्हणून थोरला, धाकटा, दोघांचे संसार आणि आईवडील एकाच छपराखाली राहत. रात्री पडदा कुठे लावायचा, यावर घरातले राजकारण ठरे. चित्रपट सुरू करण्यापूर्वी पागडीची ही गोष्ट दोन वाक्यांत सांगावी; त्यानंतर प्रेक्षक योग्य ठिकाणी हसतात.

अडचणीवरून निवड करण्याचा आणखी एक लाभ असा की भाषेच्या सीमा गळून पडतात. बासू चटर्जी यांनी ‘मुंबईचा जावई’वरूनच १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला. पण त्याहून मौजेची जोडी जमते ती ‘द मोअर द मेरियर’ या १९४३ च्या अमेरिकी चित्रपटाशी. दुसरे महायुद्ध चालू आहे, वॉशिंग्टनमध्ये सरकारी कामासाठी माणसांचा लोंढा आला आहे, खोल्या मिळत नाहीत. म्हणून एक तरुणी आपल्या घराचा अर्धा भाग भाड्याने देते, आणि आलेला म्हातारा भाडेकरू आपल्या वाट्याचा अर्धा भाग परस्पर एका तरुणाला देऊन टाकतो. सकाळी न्हाणीघर कोणी किती वाजून किती मिनिटांनी वापरायचे याचे वेळापत्रक ती तरुणी म्हाताऱ्याला समजावून सांगते तो प्रसंग चाळीतल्या नळावरची रांग पाहिलेल्या कोणालाही उपशीर्षकांशिवाय कळेल. पुढे तो तरुण आणि ती तरुणी आपापल्या खोलीत, एकाच पातळ भिंतीच्या दोन बाजूंना पडून बोलतात, आणि कॅमेरा भिंत बाजूला काढल्यासारखा दोघांनाही एकाच चौकटीत दाखवतो. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी चार्ल्स कोबर्न यांना ऑस्कर मिळाले होते. तरीही आपल्याकडे हे नाव घेतल्यावर मान डोलावणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

या भिंतीचा मूळपुरुष म्हणजे फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४). त्यात दोन खाटांच्या मध्ये दोरीवर टाकलेली एक चादर संपूर्ण चित्रपटभर दोघांचे नाते सांभाळते. त्याच वर्षाच्या मध्यापासून हॉलिवुडमध्ये नीतिनियमांची संहिता कडकपणे लागू झाली, ती १९६८ पर्यंत टिकली, आणि पडद्यावर काय दाखवता येणार नाही याची लांबलचक यादीच निर्मात्यांच्या हाती पडली. लेखकांनी मग जे दाखवता येत नव्हते ते चादरीवर, दारावर, पत्रावर आणि बोलण्याच्या वेगावर सोपवले. आपल्याकडे वेगळ्या कारणांनी, मुख्यतः लोकलाजेमुळे, तेच घडले.

प्रत तपासून घ्यावी

चित्रपट ठरला की तो कोठून पाहायचा हा प्रश्न येतो. दुकानात जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी आता क्वचितच दिसतात. व्यवहारात बहुतेकांची गाठ पडते ती यूट्यूबवरील प्रतीशी. शक्य असेल तेव्हा हक्क असलेल्या संस्थेने स्वतः ठेवलेली प्रत निवडावी. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या चित्रपटांच्या प्रती जतन करत आले आहे. पुण्याला जाणे होत असेल तर तेथे होणाऱ्या खेळांची चौकशी करून जावे, कारण मोठ्या पडद्यावर एक जुना चित्रपट पाहिला की पुढचे दहा दूरचित्रवाणीवर पाहण्याचा धीर येतो.

इंटरनेटवरील प्रत चार-पाच मिनिटे चाळून पाहिल्याशिवाय पाहुणे बोलावू नयेत. हे मी ठेच लागून शिकलो आहे. पहिल्याच वेळी मी घरी अकरा माणसे जमवली आणि चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटे झाल्यावर माझ्या आईने विचारले, “या सगळ्या बायकांनी पदर उजव्या खांद्यावरून का घेतलाय?” कोणीतरी यूट्यूबची प्रताधिकाराची तपासणी चुकवण्यासाठी संपूर्ण चित्रपट आरशातल्यासारखा उलटा करून चढवला होता. तेव्हापासून मी तीन खुणा पाहतो. पाचवारीचा पदर डाव्या खांद्यावर हवा (गुजराती पद्धतीचा पदर सोडून). सदऱ्याचा खिसा डाव्या छातीवर हवा. आणि दुकानाची पाटी वाचता आली पाहिजे. याच हेतूने काही जण चित्रपटाचा वेगही किंचित वाढवतात; परिचित गाणे नेहमीपेक्षा चिरके वाटले तर ती प्रत सोडून द्यावी.

प्रत अपुरी आहे काय, हेही पाहावे. जुन्या प्रतींमध्ये रिळांच्या जोडाजवळचा भाग झिजून तुटलेला असतो, त्याला इलाज नाही. पण काही वेळा गाणीच कापलेली असतात किंवा मध्यंतरानंतरचा मोठा तुकडा गायब असतो. गाण्यांची यादी हाताशी ठेवून ती सारी प्रतीत सापडतात का, एवढी तपासणी पुरते. चित्रपटाच्या नावाबरोबर ‘रंगीत’ असे लिहिले असेल आणि चित्रपट मूळचा कृष्णधवल असेल तर ती प्रत टाळावी, असे माझे ठाम मत आहे. छायालेखकाने राखाडीच्या छटांत बसवलेला उजेड मागाहून भरलेल्या रंगांत टिकत नाही.

पडदा आणि आवाज

पन्नासच्या दशकापर्यंतचे जवळपास सारे चित्रपट, आणि आपल्याकडे त्यानंतरचेही पुष्कळ, चौकोनी म्हणावे अशा चौकटीत चित्रित झालेले आहेत. तिची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण साधारण चारास तीन असते. आजचा टीव्ही लांबट असल्यामुळे तो चित्र ताणून बसवतो. मग नायिका ठेंगणी दिसते आणि टांग्याचे चाक लंबगोल होते. रिमोटवरील चित्राच्या मापात जाऊन चारास तीन किंवा ‘मूळ’ हा पर्याय निवडावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू लागतील. त्या तशाच राहू द्याव्यात. चित्र मोठे करून पट्ट्या घालवल्या तर नटांच्या डोक्यावरचा आणि हाताखालचा भाग कापला जातो, आणि विनोदी नटाचा निम्मा अभिनय हातातच असतो.

नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, ती बंद करावी. तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेच्या चित्रीकरणासारखा दिसतो. आवाजासाठी ‘संवाद’ किंवा ‘स्पष्ट बोलणे’ असा पर्याय असेल तर तो घ्यावा. घुमणारा मोठा स्पीकर लावू नये, कारण जुन्या ध्वनिपट्टीतली खरखर त्याने दुप्पट होते.

वेळ आणि सोबत

श्रावणातली रविवारची दुपार सर्वांत चांगली. सकाळी मिसळ झालेली असते, गोदेला पाणी आल्यामुळे रामकुंडाकडे फिरायला जाण्याचा बेत आपोआप रद्द झालेला असतो, आणि खिडकीबाहेरच्या ढगाळ उजेडात कृष्णधवल चित्र डोळ्यांना सुखावते. उन्हाळ्यात मात्र पडदे ओढूनही काच चमकते. त्या दिवसांत रात्रीच बसावे.

प्रेक्षक सहा-सातच असावेत आणि त्यांत किमान एक जण सत्तरीच्या पुढचा असावा. हे सौजन्यासाठी सांगत नाही. रेशनचे रॉकेल, ट्रंककॉल, मोरीतले तांब्याचे घंगाळ, मनिऑर्डर यांचा खुलासा करणारे माणूस खोलीत नसेल तर दर दहा मिनिटांनी कोणाचा तरी मोबाइल बाहेर येतो आणि मग तो परत आत जात नाही.

पहिली वीस मिनिटे कठीण जातात, हे आधीच सांगून ठेवावे. त्या काळातले बहुतेक नट रंगभूमीवरून आलेले होते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे बोलणे त्यांच्या जिभेवर होते, आणि छोट्या खोलीत ते मोठे वाटते. अडचण पडद्यावर येईपर्यंत मत देऊ नये, असा आमच्या घरी नियम आहे. मध्यंतर मूळ चित्रपटात जेथे आहे तेथेच घ्यावे, चहा उकळला म्हणून अलीकडे घेऊ नये. लेखकाने मध्यंतराच्या क्षणी गोष्ट मुद्दाम अडकवलेली असते.

काय पाहावे

नायक-नायिकेकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी प्रयत्न लागत नाही. दुय्यम नटांकडे मुद्दाम पाहावे. दामुअण्णा मालवणकर किंवा शरद तळवलकर पडद्यावर असताना बोलणाऱ्या माणसाकडे न पाहता ऐकणाऱ्याकडे पाहिले की विनोद कसा तयार होतो हे कळते : बोलणारा वाक्य फेकतो, हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो.

वस्तूंचा माग ठेवावा. अर्न्स्ट लुबिच यांच्या ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) मध्ये बुडापेस्टच्या एका दुकानातले दोन नोकर, एक तरुण आणि एक तरुणी, दिवसभर एकमेकांशी भांडतात आणि न ओळखता एकमेकांनाच प्रेमपत्रे लिहितात. यांपैकी तो आधी सत्य ओळखतो आणि लिहिणे थांबवतो. त्यानंतरचे एक दृश्य टपालपेटीच्या आतून घेतले आहे. छोटे दार उघडते, हातमोजा घातलेला हात आत येतो, चाचपडतो, पेटी रिकामी आहे. हात तसाच क्षणभर थांबतो. मग हात निघून जातो आणि त्या चौकोनात तिचा चेहरा येतो, आपल्या बोटांवर विश्वास नसल्यासारखा आत डोकावणारा. त्यात एकही शब्द नाही. हा चित्रपट दाखवताना मी या ठिकाणी दोनदा मागे जाऊन पुन्हा तेच दृश्य लावतो. त्यावर तक्रार करणारे प्रेक्षक अद्याप भेटलेले नाहीत.

गाणे पुढे ढकलण्याचा मोह आवरावा. मराठी प्रणयविनोदी चित्रपटात दोघांना जे घरात बोलता येत नाही ते गाण्यात बोलले जाते. गाणे गाळले तर प्रेमकथा गाळल्यासारखेच होते.

खटकणाऱ्या गोष्टीही येतील. नकाराला होकार समजणारा नायक, जाडेपणावरचे किंवा बोलण्यातल्या दोषावरचे विनोद, शेवटी बंड सोडून पदर सावरणारी नायिका. त्यांना ‘तो काळच तसा होता’ म्हणून झाकू नये, आणि तेवढ्यावरून चित्रपट बंदही करू नये. मुलींनी हरकत घेतली तर चित्रपट थांबवून ती ऐकावी. आमच्या बैठकांतले सर्वांत चांगले वाद अशाच जागी झाले आहेत, आणि प्रत्येक वेळी सत्तरीतल्या बायका मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या आहेत.

घराबाहेर दाखवायचे असेल तर

घरात चार माणसांनी पाहणे वेगळे आणि सोसायटीच्या सभागृहात किंवा वाचनालयात खेळ लावणे वेगळे. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’ २०१२ च्या अखेरीस मुक्त झाला, १९७० चा ‘मुंबईचा जावई’ २०३० च्या अखेरपर्यंत बांधलेला आहे. गीत आणि संगीत यांची मुदत रचनाकाराच्या हयातीशी जोडलेली असते, म्हणून गाणी वेगळी काढून कार्यक्रम करायचा असेल तर त्यांची परवानगी स्वतंत्रपणे पाहावी. जाहीर खेळाला चित्रपटाचे प्रमाणपत्रही लागते. ही सारी यातायात पाहता पहिले वर्षभर घरीच बसावे, असा माझा सल्ला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नाशिकमध्ये बसून चित्रपट केले आणि त्यांत छोटे विनोदपटही केले, एवढे पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकापाशी आठवले तरी हुरूप येतो.

वही आणि रिमोट

प्रत्येक चित्रपटानंतर वहीत चार ओळी लिहाव्यात : साल, दिग्दर्शक, अडचण कोणती होती आणि प्रत कशी होती. यातली शेवटची नोंद पुढच्या वेळी सर्वांत उपयोगी पडते.

रिमोट मात्र खोलीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. आम्ही ‘मुंबईचा जावई’ लावला तेव्हा तो आत्याकडे होता, कारण चित्रपट तिने पाहिलेला होता. अर्ध्या तासातच माझ्या ध्यानात आले की तिला पुढे काय होणार हे मुळीच ठाऊक नाही. तिने एका ठिकाणी चित्र थांबवले आणि आम्ही तिच्याकडे पाहिले.

“पाहिला होता म्हणालीस ना?”

“पाहिला होता रे. लग्नाला तीन महिने झाले होते. रविवार कारंजाजवळच्या वाड्यात आम्ही चौदा माणसं. तुझे काका म्हणाले, चल, सिनेमाला जाऊ. तीन तास बोलायला तेवढी एकच जागा होती.” तिने चष्मा पुसला आणि पुन्हा बटण दाबले. “पडद्यावर काय चाललं होतं, ते आत्ता कळतंय.”